शुक्राणूदाता निवडण्याआधी: वैद्यक, कायदा आणि शरीयत

निकाहला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की आपल्याकडे प्रश्न सुरू होतात. आधी सासूबाई विचारतात, मग शेजारीपाजारी, मग ईदला भेटायला आलेले पाहुणे. सुनेच्या तपासण्या होतात, औषधे होतात, तावीज होतात. शेवटी कधीतरी नवऱ्याची तपासणी होते आणि रिपोर्टवर 'निल' असे लिहून येते. मग कोणीतरी हळूच सांगते, "डोनर घेऊन टाका. कोणाला कळणार आहे?"

या वाक्यापाशी येऊन थांबलेल्या जोडप्यांसाठी हा लेख आहे. आम्ही डॉक्टर नाही आणि मुफ्तीही नाही, शाळेत शिकवतो. पण इंग्रजी फॉर्म आला की "सर, एवढं वाचून सांगा" म्हणत लोक शिक्षकाकडेच येतात. अशा फॉर्मवर काय लिहिलेले असते, सही करण्याआधी काय विचारायचे असते, देशाचा कायदा काय म्हणतो आणि आपला दीन काय म्हणतो, हे एका ठिकाणी, समजेल अशा भाषेत असावे म्हणून हे लिहीत आहोत.

तपासणी आधी कोणाची?

एक वर्ष नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही तर त्याला वंध्यत्व म्हणतात. बायकोचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच डॉक्टरांकडे जावे असा सल्ला दिला जातो. वंध्यत्वाच्या साधारण निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णपणे किंवा काही अंशी पुरुषाकडे असते. तरीही आपल्याकडे तपासण्यांची रांग बाईपासून सुरू होते. तिची सोनोग्राफी होते, नळ्यांची तपासणी होते, कधी दुर्बिणीतून शस्त्रक्रियाही होते. पुरुषाची पहिली तपासणी मात्र सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त आणि बिनदुखाची असते, आणि तीच शेवटी होते. मधल्या काळात "मूल होत नाही" म्हणून दुसऱ्या निकाहची किंवा तलाकची भाषा झालेली असते. ज्या घरात नवऱ्याची तपासणीच झालेली नाही त्या घरात सुनेला बोल लावणे हा सरळ जुल्म आहे.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. वंध्यत्व आणि नपुंसकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही त्याचे वैवाहिक जीवन अगदी व्यवस्थित असू शकते. मर्दानगीचा आणि शुक्राणूंच्या आकड्याचा संबंध नाही. हे माहीत नसल्यामुळेच बरेच पुरुष तपासणीला तयार होत नाहीत.

काहींना नमुना देण्याच्या पद्धतीबद्दल संकोच असतो. इलाजाच्या गरजेसाठी नमुना देण्यास उलमा परवानगी देतात, आणि शक्य असेल तर तो बायकोच्या मदतीने घ्यावा असे सांगतात. दवाखान्यात जमत नसेल तर घरी घेता येतो, पण डबी प्रयोगशाळेकडूनच आणावी, अंगाजवळ उबदार ठेवावी आणि एका तासाच्या आत पोहोचवावी. बाजारातला नेहमीचा निरोध त्यासाठी वापरू नये, त्याने शुक्राणू मरतात. या कामासाठी वेगळा निरोध मिळतो, डॉक्टरांना विचारावे.

रिपोर्ट कसा वाचावा

तपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध टाळायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेनुसार खालच्या मर्यादा अशा आहेत: वीर्याचे प्रमाण १.४ मिलिलिटर, दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटचा आकडा पाहून पुष्कळ जण घाबरतात. शंभरातले चारच चांगले? होय, सुदृढ पुरुषातही बहुतेक शुक्राणूंचा आकार बिघडलेलाच असतो. या मर्यादेपेक्षा आकडा कमी आला म्हणजे मूल होणारच नाही असेही नाही.

एका रिपोर्टवर काहीही ठरवू नये. ताप, औषधे, नमुना अर्धवट सांडणे, उशिरा पोहोचवणे, या सगळ्यांचा परिणाम होतो. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून दोन महिन्यांपूर्वी आलेल्या जोरदार तापाचा परिणाम आजच्या रिपोर्टवर दिसू शकतो. तपासणी किमान दोनदा करावी.

तंबाखू, गुटखा, सिगारेट आणि सतत भट्टीपाशी किंवा इंजिनपाशी उष्णतेत काम करणे यांनी शुक्राणूंचे नुकसान होऊ शकते. आजकाल जिममध्ये शरीर बनवण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सर्रास घेतली जातात. लोकांना वाटते त्याने ताकद वाढते. प्रत्यक्षात बाहेरून हे हार्मोन आले की शरीर स्वतःचे काम थांबवते आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. बहुतेकांत इंजेक्शने बंद केल्यावर काही महिन्यांनी ते परत येतात, पण ही गोष्ट डॉक्टरांना सांगितली तरच. लपवली तर चुकीच्या वाटेने इलाज सुरू होतो आणि डोनरचा विषय विनाकारण निघतो.

'निल' म्हणजे शेवट नव्हे

वीर्यात एकही शुक्राणू न दिसणे याला अ‍ॅझूस्पर्मिया म्हणतात. साधारण शंभर पुरुषांत एकाला, आणि वंध्यत्वासाठी तपासलेल्या पुरुषांत १० ते १५ टक्क्यांना हे आढळते. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत.

पहिल्या प्रकारात शुक्राणू तयार होतात, पण बाहेर येण्याची वाट बंद असते. जुना संसर्ग, क्षयरोग, हर्नियाच्या शस्त्रक्रियेत नळीला झालेली इजा किंवा जन्मापासूनच नळी नसणे ही त्याची कारणे. अशा पुरुषांत बारीक सुईने वृषणातून किंवा त्याला लागून असलेल्या नळीतून शुक्राणू काढता येतात आणि बहुतेकांत ते मिळतात. जन्मापासून नळी नसेल तर मात्र जनुकांची तपासणी करून घ्यावी, कारण सिस्टिक फायब्रोसिस नावाच्या आनुवंशिक आजाराशी त्याचा संबंध असू शकतो. जवळच्या नात्यातली लग्ने आपल्याकडे होतात, त्यामुळे बायकोचीही तपासणी होणे जास्तच गरजेचे.

दुसऱ्या प्रकारात शुक्राणूंची निर्मितीच फार कमी किंवा बंद असते. इथेही एकदम हात टेकू नयेत. मेंदूतून येणारे हार्मोन कमी असतील तर इंजेक्शनांच्या काही महिन्यांच्या उपचाराने शुक्राणू तयार होऊ लागतात. बाकीच्यांत रक्तातले हार्मोन, गुणसूत्रे आणि वाय गुणसूत्राचे तुटलेले भाग तपासतात. वाय गुणसूत्राचा कोणता भाग तुटला आहे त्यावरून अंदाज बांधता येतो. सी भाग तुटला असेल तर शस्त्रक्रियेत शुक्राणू सापडण्याची बरी आशा असते. ए किंवा बी भाग पूर्ण गेला असेल तर आशा जवळपास नसते आणि शस्त्रक्रियेचा त्रासही टाळता येतो. मायक्रो-टेसे या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या चांगल्या दिसणाऱ्या नळ्या शोधून त्यातून शुक्राणू काढतात. निर्मितीच कमी असलेल्या पुरुषांतही साधारण निम्म्यांच्या आसपास यश येते, कारणानुसार हे प्रमाण कमीजास्त होते.

या सगळ्याला अर्थ आला तो १९९२ नंतर. त्या वर्षी ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एक शुक्राणू थेट एका स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले. या पद्धतीला इक्सी म्हणतात. त्याआधी लाखोंची गरज असे. आता एका बीजासाठी एक जिवंत शुक्राणू पुरतो. आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे. ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट-ट्यूब बेबीचा जन्म झाला.

म्हणून डोनरचे नाव निघाले की पहिला प्रश्न हा विचारावा: "आमचेच शुक्राणू मिळवण्याचे सगळे मार्ग तपासून झाले का? नसतील तर कोणते राहिले?" पुरुष वंध्यत्वाचे काम करणाऱ्या युरॉलॉजिस्टचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. आणि खरे तेही सांगायला हवे: सगळे करूनही काही पुरुषांत एकही शुक्राणू सापडत नाही. त्यांच्यासाठीच पुढचे प्रश्न खऱ्या अर्थाने उभे राहतात.

डोनर येतो कुठून, आणि 'निवड' किती असते?

अमेरिकेत किंवा डेन्मार्कमध्ये दात्यांची यादी पाहून, लहानपणीचा फोटो पाहून, आवाज ऐकून निवड करता येते. मोबाइलवर हे पाहून आपल्याकडेही लोकांना वाटते की असेच होत असेल. भारतात तसे नाही.

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ चा आहे आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या, जोडप्याने माहीत करून घ्याव्यात अशा गोष्टी या:

१. दात्याचे शुक्राणू नोंदणीकृत बँकेकडूनच घ्यावे लागतात. दवाखान्याने किंवा जोडप्याने परस्पर माणूस आणणे चालत नाही. परस्पर खरेदी-विक्रीला बंदी आहे.

२. दाता २१ ते ५५ वयाचा असावा लागतो. त्याची संसर्गजन्य रोगांसाठी तपासणी बँकेने करायची असते.

३. एका दात्याचे शुक्राणू एकाहून जास्त जोडप्यांना देता येत नाहीत.

४. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ पेक्षा जास्त आणि ५० पेक्षा कमी, पुरुषाचे २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी असावे लागते.

५. दोघांचीही लेखी संमती लागते. गर्भाशयात भ्रूण किंवा शुक्राणू सोडेपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो.

६. जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच अपत्य मानले जाते. दात्याचा त्याच्यावर कोणताही पालकत्वाचा हक्क राहत नाही.

७. माहिती गुप्त ठेवायची असते; मात्र राष्ट्रीय नोंदणीत ती जाते आणि न्यायालयाच्या आदेशाने ती बाहेर येऊ शकते.

८. मुलगा हवा की मुलगी, अशी निवड करणे हा गुन्हा आहे.

म्हणजे जोडप्याला दात्याचे नाव, पत्ता, चेहरा कळत नाही. सहसा रक्तगट, उंची, वर्ण, शिक्षण अशी ढोबळ माहिती मिळते आणि जुळवाजुळव बँक करते. "दाता मुस्लिमच द्या" असे काही जण सांगतात आणि त्यांना वाटते की प्रश्न मिटला. कायद्याने ओळख गुप्त असल्याने याची खातरजमा जोडपे करू शकत नाही. आणि शरीयतच्या नजरेनेही त्याने काही बदलत नाही, हे पुढे येईल.

काही घरांत वेगळाच तोडगा निघतो: "बाहेरचा कशाला, धाकट्या दिराचे घ्या, रक्त तरी घरचेच." भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनीच नातेवाईक किंवा ओळखीच्या माणसाचे शुक्राणू वापरायला मनाई केली होती, आणि आताच्या कायद्यात सगळे बँकेमार्फतच आहे. दिनी दृष्टीने तर दीर गैरमहरम आहे. शिवाय त्या घराचा विचार करा. काका म्हणून समोर वावरणारा माणूस, त्याची बायको, त्याची मुले, आणि सगळ्यांच्या मध्ये वाढणारे एक लेकरू. एका भांडणात ते गुपित अंगणात येऊन पडते.

शरीयतचे उत्तर काय आहे?

इलाज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. औलादीसाठी तळमळणे हा ईमानाचा कमकुवतपणाही नाही. हजरत इब्राहीम आणि हजरत जकरिया (अलैहिमुस्सलाम) यांनी उतारवयापर्यंत औलादीसाठी दुआ केली. म्हणून आयव्हीएफचे नाव निघताच "हे सगळे हराम" म्हणून दार लावणे चूक आहे.

१९८० मध्ये इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती शेख जादुल हक यांनी याबद्दल सविस्तर फतवा दिला. ऑक्टोबर १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीत प्रचलित सात पद्धतींचा विचार झाला. त्यातल्या पाच नाजायज ठरवल्या गेल्या आणि दोनांना गरजेच्या वेळी, पूर्ण खबरदारी घेऊन, परवानगी दिली गेली. परवानगी आहे ती अशी: नवऱ्याचे शुक्राणू त्याच्या स्वतःच्या बायकोच्या गर्भाशयात सोडणे, आणि नवरा-बायकोचेच शुक्राणू व बीज बाहेर एकत्र करून भ्रूण त्याच बायकोच्या गर्भाशयात ठेवणे. परक्याचे शुक्राणू, परकीचे बीज किंवा परकीचा गर्भाशय आला की ती पद्धत नाजायज. याचाच अर्थ, वृषणातून काढलेल्या नवऱ्याच्या शुक्राणूंनी केलेले इक्सी परवानगीच्या चौकटीत येते.

सुन्नी उलमांत या मुद्द्यावर जवळपास एकमत आहे. शिया उलमांत मतभेद आहेत. इराणचे आयतुल्लाह खामेनी यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस काही अटींवर दात्याला परवानगी देणारा फतवा दिला, आणि २००३ मध्ये तिथे विवाहित जोडप्यांकडून भ्रूणदानाचा कायदा झाला. इराकचे आयतुल्लाह सिस्तानी मात्र परक्या पुरुषाच्या शुक्राणूंना परवानगी देत नाहीत. ज्याने त्याने आपल्या मसलकच्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. मोबाइलवर आलेल्या अर्ध्या फतव्यावर निर्णय घेऊ नये.

मनाई का आहे, हेही समजून घ्यायला हवे. त्याच्या मुळाशी नसब आहे, म्हणजे मूल कोणाचे हे स्पष्ट असणे. हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी मुलाप्रमाणे वाढवले आणि लोक त्यांना 'जैद बिन मुहम्मद' म्हणत. मग आदेश आला की लेकरांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने ओळखा. त्यांच्यावरचे प्रेम कमी झाले नाही, पण ओळख सरळ राहिली. नसबवर तीन गोष्टी उभ्या आहेत: कोणाशी निकाह होऊ शकतो, कोणापुढे पडदा आहे, आणि विरासत कोणाला किती मिळते. दात्याचे नावच गुप्त असेल तर सख्ख्या पित्याकडच्या भाऊ-बहिणी कोण हे मुलाला कधीच कळत नाही.

ही भीती फक्त किताबी नाही. २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयाने एका डच दात्याला आणखी दान करण्यास मनाई केली; त्याच्यापासून साडेपाचशेहून जास्त मुले झाली होती. भारतातला 'एक दाता, एक जोडपे' नियम याच धोक्यासाठी आहे. आणि "कोणाला कळणार नाही" हा भरवसाही आता टिकणारा नाही. ब्रिटनने एप्रिल २००५ पासून दात्याची गुप्तता काढून टाकली, अठरा वर्षांचे झाल्यावर मुलाला दात्याचे नाव मागता येते. परदेशात घरबसल्या डीएनए तपासणीतून हजारोंना आपले मूळ कळले आहे. आज जन्मणारे मूल वीस वर्षांनी कोणती तपासणी सहज करून घेईल, हे आज कोण सांगणार?

नमुना नवऱ्याचाच आहे याची खात्री

परवानगीची अट नवऱ्याच्या शुक्राणूंची असेल, तर अदलाबदल होऊ नये याची काळजी घेणे ही आपलीही जबाबदारी आहे. दिल्लीच्या एका रुग्णालयात २००८ मध्ये इक्सी झालेल्या जोडप्याला २००९ मध्ये जुळ्या मुली झाल्या. एका मुलीचा रक्तगट जुळेना, म्हणून डीएनए तपासणी झाली आणि पिता दुसराच निघाला. २०२३ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने त्या प्रकरणात सुमारे दीड कोटी रुपयांचा भुर्दंड लावला. पैसे मिळाले, पण त्या घराने पंधरा वर्षे काय सोसले त्याची भरपाई कशी व्हावी?

म्हणून पुढच्या गोष्टी विचाराव्यात. विचारण्यात बेअदबी नाही.

• दवाखाना आणि बँक २०२१ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहेत का? नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवा.

• नमुन्याच्या डबीवर दोघांची नावे आणि क्रमांक आमच्यासमोर लिहाल का? प्रत्येक पायरीला दुसरा माणूस पडताळणी करतो का?

• दात्याच्या वापराची संमती वेगळ्या फॉर्मवर आहे का? आम्हाला दाता नको असेल तर तसे लेखी नोंदवून घ्याल का?

• ऐनवेळी नवऱ्याचे शुक्राणू मिळाले नाहीत तर काय कराल? उत्तर "बीज गोठवून ठेवू" किंवा "थांबू" असे लेखी असावे. भूल दिलेली असताना, घाईत, "डोनर वापरू का?" हा प्रश्न बाहेर बसलेल्या नवऱ्यापुढे येता कामा नये.

• उरलेल्या भ्रूणांचे काय होणार? दुसऱ्या जोडप्याला देण्याच्या रकान्यात खूण आहे का ते पाहावे.

फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत किंवा उर्दूत समजावून मागावा, प्रत घरी आणावी, दोन दिवस वाचावा आणि मग सही करावी. शंका किंवा तक्रार असेल तर प्रत्येक दवाखान्यात तक्रार कक्ष असणे कायद्याने बंधनकारक आहे.

कोकणातली बरीच माणसे आखाती देशांत कामाला आहेत. सुट्टी महिनाभराची, इलाज लांबणारा. अशा वेळी नवऱ्याचा नमुना गोठवून ठेवता येतो आणि इलाज त्याच्या गैरहजेरीत पुढे नेता येतो. त्यासाठी त्याची लेखी संमती आधीच घेतलेली असावी. शरीयतनुसार मात्र हे निकाह कायम असेपर्यंतच. तलाक किंवा इंतकाल झाल्यावर तो नमुना वापरता येत नाही, हे उलमांनी स्पष्ट केले आहे. संमतीपत्रात तसे लिहून ठेवावे.

ज्यांच्या घरी असे मूल आहे

हा लेख वाचणाऱ्यांत अशी जोडपी असतील ज्यांनी माहिती नसताना किंवा दबावाखाली हा मार्ग घेतला. त्यांच्या मुलांबद्दल एक शब्दही वाकडा बोलण्याचा कोणाला हक्क नाही. एकाचे ओझे दुसऱ्याने वाहायचे नसते, हा दीनचा मूळ उसूल आहे. ते लेकरू मासूम आहे. कायद्याने ते त्या जोडप्याचेच आहे, शाळेच्या दाखल्यापासून वारसापर्यंत. नसब, महरम आणि विरासत यांबद्दल आई-वडिलांनी एखाद्या जाणत्या मुफ्तींना एकांतात मसला विचारावा आणि त्यानुसार हिबा किंवा वसीयतची व्यवस्था करावी. ही बाब मोहल्ल्यात चघळणे गीबत आहे.

दुसऱ्या वाटा

सगळे उपाय संपले तर? यतीम किंवा बेसहारा लेकराची कफालत ही आपल्याकडची जुनी आणि सवाबची वाट आहे. हजरत जकरिया (अ.) यांनी हजरत मरियमचा सांभाळ केला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शबनम हाश्मी प्रकरणात स्पष्ट केले की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला दत्तक घेता येते, आणि कोणावर त्याची सक्तीही नाही. त्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. इस्पितळातून किंवा नात्यातून परस्पर मूल घेऊन जन्मदाखल्यावर आपले नाव लावणे हा गुन्हा आहे.

मूल घरी आले तर महरमचा प्रश्न दूधाने सुटू शकतो. दोन वर्षांच्या आतील लेकराला आईने स्वतः दूध पाजले तर ती त्याची रजाई आई होते. मूल न झालेल्या स्त्रीलाही औषधे आणि पंप यांच्या मदतीने काही वेळा दूध येऊ शकते. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. नाहीतर बायकोच्या बहिणीने मुलाला किंवा नवऱ्याच्या बहिणीने मुलीला पाजले तरी नाते जुळते. किती वेळा पाजले की नाते लागू होते, यात फरक आहे: कोकणातले बहुसंख्य मुस्लिम शाफई आहेत, त्यांच्याकडे पाच वेळा पोटभर, देशावरचे बहुतेक हनफी आहेत, त्यांच्याकडे एकदाही पुरते. अशा मुलाला शरीयतने वारसाहक्क लागत नाही, पण हयातीत हिबा करता येतो आणि एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते.

आणि काही जोडपी मुलाशिवायच राहतील. त्यांनाही इज्जतीने जगता आले पाहिजे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. भाच्याच्या नावावरून त्या 'उम्मे अब्दुल्लाह' म्हणवल्या गेल्या, आणि उम्मत दीनचा मोठा हिस्सा त्यांच्याकडून शिकली.

घरच्या वडीलधाऱ्यांना शेवटची विनंती. हा निर्णय नवरा-बायको दोघांचा आहे. त्यांना डॉक्टरकडे जायला वेळ द्या, मुफ्तींकडे जायला हिंमत द्या आणि प्रत्येक ईदला तोच प्रश्न विचारणे थांबवा. बहुतेक घाईच्या सह्या दवाखान्यात होत असल्या तरी त्यांची सुरुवात अशा प्रश्नांनी घरातच होते. अल्लाह तआला ज्यांची ओटी रिकामी आहे त्यांना नेक औलाद देवो, आणि ज्यांना ती नाही त्यांना सब्र आणि सुकून देवो. आमीन.